दगाभाऊ थकले

धुळ्याच्या धान्यबाजारात दगाभाऊ मापाडी पहिल्या पायलीला कधी ‘एक’ म्हणत नसत. ‘लाभ’ म्हणत, मग दोन, तीन. रीत सगळ्याच मापाड्यांची. पण दगाभाऊंचा सूर बाजाराच्या दुसऱ्या टोकाला ऐकू येई आणि शेतकरी व अडत्या दोघेही तो आकडा न तपासता मान्य करीत. “नाव तेवढं दगा,” असे लोक हसून म्हणत. मी तेव्हा एका साप्ताहिकासाठी भाव टिपायला तेथे जात असे.

दुसरे महायुद्ध सुरू होण्याच्या आदल्या उन्हाळ्यात थप्पीवरून दादर ज्वारीचे अर्धे भरलेले पोते घसरून त्यांच्या डोक्यावर आदळले. रक्त आले नाही. घटकाभर ते सुन्न बसून राहिले, मग आपल्या पायांनी घरी गेले. डॉक्टरांनी डोळे पाहिले, आठ दिवस विश्रांती सांगितली. नवव्या दिवशी दगाभाऊ कामावर हजर होते.

सकाळचे दोन तास सूर पूर्वीसारखा लागे. मग तो खाली येई. ऊन, गलका, चार माणसांचे एकदम बोलणे त्यांना सोसेना. रिकाम्या पोत्यांवर ते डोळे मिटून पडत.

“काय भाऊ, रातले दरोडा टाकाले गया व्हता का?” हमाल विचारीत.

“झोप पुरी झायी रे. झोपीसन उठनू तरी थकेलच शे.”

डोके दुखते का, असे मी विचारले.

“दुखतं तं बरं व्हतं, भाऊसाहेब. दुखनं सांगता येस. हाई काय सांगू?”

वर्ष उलटले. डॉक्टरांना कुठेच काही सापडेना. अडत्याने तोंडावर ‘आळस’ हा शब्द वापरला. दगाभाऊ दुसऱ्या दिवशी तासभर लवकर आले, आणि नऊलाच आडवे झाले.

एका दुपारी मोठा ढीग मोजताना सदतीसनंतर ते थांबले आणि ‘लाभ’ म्हणाले. भोवतीचे हसले. शेतकरी म्हणाला, “चालू द्या, भाऊ. अडतीस.”

दगाभाऊंनी पायली खाली ठेवली. “नही. दुसरा मानूस लावा, बठ्ठं परत मोजा. माले मन्हा भरोसा नही.”

त्यांनी पुन्हा पायली हाती घेतली नाही.

मी बातमी दिली : ‘येथील विश्वासू मापाडी दगाभाऊ थकल्यामुळे कामातून निवृत्त झाले.’ शब्द त्यांचाच घेतला होता. छापून आल्यावर चूक कळली. माणूस थकला म्हणजे म्हातारा झाला, असाच अर्थ लोकांनी घेतला. दगाभाऊ एक्केचाळीस वर्षांचे होते.

ते पहूरला मेहुण्याकडे राहायला गेले होते. दुरुस्ती छापतो, असे सांगायला मी तेथे गेलो. ओसरीवर भिंतीकडे तोंड करून ते पडले होते. माझे बोलणे संपेपर्यंत त्यांनी डोळे उघडले नाहीत.

“राहू द्या, भाऊसाहेब,” ते म्हणाले. “म्हातारा म्हनतस ना? मंग कोनी आळशी म्हनाव नही.”