कच्च्या ताईंचा अल्बम

स्टुडिओत तिला सगळे कच्च्या ताई म्हणायचे. मोठी गायिका यायच्या आधी गाणं हिने कच्चं गाऊन ठेवायचं, वादकांनी त्यावर वाजवायचं आणि खरी बाई गाऊन गेली की हिचा आवाज पुसून टाकायचा. वर्षानुवर्षं हेच. पोट भरत होतं, बस्स.

मग ड्रम वाजवणारा नवरा गेला. ही रडलीच नाही. नातेवाईक म्हणाले, दगड आहे मेली! ती त्यांचा चहा गाळत राहिली. आत काही हलतच नव्हतं, त्याला ती तरी काय करणार?

एका सकाळी लेकीला म्हणाली, "तुझी ती गिटार काढ. तुझ्या बाबांच्या शेवटच्या दिवसाचा अल्बम करू. डोळे उघडल्यापासून मिटेपर्यंत, सगळी गाणी मिळून एकच गोष्ट."

"रॉक? आई, तू?"

"का, माझ्या घशाला काय झालंय?"

ड्रमवर दुसरं कुणी बसवायचं नाही, असं तिने ठरवलं. त्याऐवजी दाराची कडी, वॉशिंग मशीन आणि नवऱ्याच्या ऑक्सिजनच्या यंत्राची घरघर घेतली. स्टुडिओतले वादक हसले. हसू देत! कुणाच्या बापाचं काय जातंय?

शेवटच्या गाण्यात मात्र तिचा बांध फुटला. इतके दिवस अडलेलं रडू सुरांसकट बाहेर आलं. लेकीला वाटलं, सुटली एकदाची आई.

दुसऱ्या दिवशी ते गाणं ऐकायला बसल्या, तर त्यात आवाजच नाही. रेकॉर्डिस्टने हाताच्या सवयीने कच्चा समजून पुसला होता. बिचारा पार ओशाळला. लेक त्याच्यावर अशी तुटून पडली की विचारू नका. आईच्या चेहऱ्यावरची रेषही हलली नाही.

"पुन्हा गाते," ती म्हणाली.

गायली. सुरात, पण कोरडं, वाण्याला सामान सांगावं तसं.

"ताई, अजून एकदा घेऊ या? या वेळी येईल रडू."

"नको रे. हे गेल्यापासून मी अशीच आहे. हेच ठेव."

त्याने ठेवलं. गायिकेचं नाव टाकायची वेळ आली, तेव्हा त्याचा हात थांबला. इतक्या वर्षांत कधी विचारलंच नव्हतं.

"ताई, तुमचं पूर्ण नाव काय?"

तिने स्वतःचं सांगितलं. मग नवऱ्याचं घ्यायला गेली आणि तिला रडू फुटलं. आडनाव लेकीने सांगितलं.