मुख्य भूमिका प्रेताची

मंडळी, आज दुपारी दहिसरला एका सोसायटीच्या हॉलमधल्या प्रायोगिक नाट्यमहोत्सवात तीन नाटकं पाहिली. पहिली दोन मला कळली नाहीत. तिसऱ्याबद्दल सांगते.

त्यात माझा मित्र निलेश होता. नाटकासाठी नोकरी सोडल्यापासून त्याची आई त्याच्याशी धड बोलत नव्हती. आज त्या पहिल्यांदाच आल्या आणि माझ्या शेजारी बसल्या. मुख्य भूमिका आहे, असं त्याने त्यांना सांगितलं होतं.

होतीच. तो प्रेत होता. त्याच्याभोवती बसून घरचे फ्लॅटच्या वाटणीवरून भांडत होते.

"अगं, हा उठणार कधी?" काकींनी विचारलं.

"नाही उठणार, काकी."

तेवढ्यात निलेशच्या नाकावर डास बसला. तो हलला नाही. काकी उठल्या, स्टेजवर गेल्या आणि पदराने डास हाकलला.

भांडणारी सून त्यांच्याकडे बघून म्हणाली, "आता या कोण? यांचाही हिस्सा आहे का?"

हॉलमध्ये टाळ्या पडल्या.

नंतर निलेशने घाबरत विचारलं, "आई, कसं वाटलं?"

"लहानपणी तुला झोपवताना माझा जीव जायचा. आज एवढा वेळ गप पडलास. कर तू नाटक."

उद्याच्या प्रयोगालाही दिग्दर्शकाने काकींना बोलावलंय. डासाचं कोणी बघेल का?