द्वारकाला उतरणारी माणसं

कुवेतमधल्या आमच्या फहाहीलवरच्या पुस्तकाची शेवटची प्रत तपासायला माझ्याकडे आली, कारण मराठी मंडळात ऱ्हस्व-दीर्घावरून भांडणारी मी एकटीच आहे. पुस्तक तसं झकास झालं होतं. मासेमारीच्या गावाचं तेलवाल्यांचं गाव कसं झालं, जुना बाजार कुठे भरायचा, कुठल्या बेकरीतला खुबूस, म्हणजे इथली रोटी, गरम खावा, इथल्या उन्हात बसून कोणी कोणी कविता पाडल्या, सगळं होतं. शेवटी एका भागात आपल्या माणसांच्या तोंडी असलेली ठिकाणं आणि त्यांच्या आठवणी होत्या. तिथे मी वाचलं: 'द्वारका. बाजारामागच्या कोपऱ्यावरचं गुजराती पद्धतीचं शुद्ध शाकाहारी हॉटेल. थाळी प्रसिद्ध. आता बंद.'

मी पोट धरून हसले. द्वारका माझ्या डोक्यावर, पहिल्या मजल्यावर राहते, आणि त्या क्षणी तिने तळायला टाकलेल्या बांगड्यांचा वास माझ्या खिडकीतून आत येत होता.

हसत हसतच मी वर गेले. द्वारकाकाकी सामानाच्या खोक्यांमध्ये बसून पितळी डबे कागदात गुंडाळत होती. तिला पान वाचून दाखवलं. मला वाटलं, ती माझ्यापेक्षा मोठ्याने हसेल. ती हसली नाही. हातातला डबा तिने खाली ठेवला.

"मी काय हॉटेल आसंय?"

आता हे नाव कोपऱ्याला कसं लागलं ते सांगते. द्वारकाकाकी मूळची मालवणकडची, चिंदरची. तिचे यजमान केशव चिंदरकर इथल्या तेल कंपनीच्या कामांवर पाइप जोडणारे. कोकणातून कंत्राटावर आलेली एकटी माणसं एका खोलीत दाटीने राहायची, आणि चिंदरकरांकडे बायको होती, म्हणजे घर होतं, म्हणजे चूल होती. झालं तर मग. सुट्टीच्या दिवशी कंपनीची बस कोपऱ्यावर थांबली की चार जण उतरायचे आणि वर बघून हाका मारायचे, "द्वारकाकाकी, ओ द्वारकाकाकी." बसचा ड्रायव्हर पेशावरकडचा. त्याला बिचाऱ्याला वाटलं, हे या थांब्याचं नाव. पुढच्या फेरीपासून तोच ओरडायला लागला, "द्वारका, द्वारका, कौन उतरेगा?" त्याच्याकडून ते टॅक्सीवाल्यांनी उचललं, टॅक्सीवाल्यांकडून खालच्या बकाल्यातल्या, म्हणजे किराणा दुकानातल्या, सामान पोचवणाऱ्यांनी. आज ज्याने काकीला जन्मात पाहिलेलं नाही, तोसुद्धा फोनवर सांगतो, द्वारकापाशी उभा आहे. पालिकेच्या पाटीवर तिथे नुसता आकडा आहे, तो कोणाला पाठ नाही.

काकीला याचा कोण अभिमान. वरवर म्हणायची, मेल्यांका काय कामधंदो नाय. पण खिडकीतून कोणी "द्वारका" म्हटलेलं ऐकलं की पदर नीट करायची.

आणि आता चिंदरकर निवृत्त झाले होते. इथला कायदा सरळ आहे, नोकरी संपली की राहण्याचा परवाना संपला. तुम्ही इथे तरुणपणी या नाहीतर पोरं वाढवा, जायचं ते जायचंच. महिनाअखेरीचं विमान होतं.

"इतकी वर्सा हय काढलंय," काकी म्हणाली. "उद्या गेल्यार माजा म्हणान हय काय ऱ्हवतला? ह्या येक नाव. त्याचाव हॉटेल केल्यानी."

तिचे डोळे भरले, आणि माझ्या डोक्यात तिडीक गेली. पुस्तक दुसऱ्या दिवशी छपाईला जायचं होतं. मी तिथूनच नचिकेतला फोन लावला.

नचिकेत म्हणजे आमचे संपादक. हुशार माणूस, सालस, पण पलीकडच्या फिंतास भागात, समुद्राकडे तोंड करून असलेल्या फ्लॅटात राहतो, त्याला आमच्या गल्ल्या काय माहीत. मी म्हटलं, "तू बंद पाडलेल्या हॉटेलातून बोलतेय. ताबडतोब ये." बिचारा संध्याकाळी लॅपटॉप घेऊन हजर झाला. पण माणूस चिवट. काकीला वाकून नमस्कार केला आणि लगेच वाद घालायला बसला.

"काकू, तुमचं नाव द्वारका आहे हे मान्य. पण हॉटेल होतंच. लोकांनी आठवणी लिहून पाठवल्यात. तिथे जेवलेली माणसं आहेत. त्यांना मी खोटं कसं पाडू?"

"वाच बघू," मी म्हटलं. "बघू या कोण जेवलंय."

तो वाचायला लागला. "हे सुयोग मांजरेकर. आता मोठे इंजिनिअर आहेत. लिहितात, 'कुवेतमधला माझा पहिला आठवडा. खोलीतल्या मित्राने द्वारकामध्ये नेलं. चटईवर पंगत बसली होती. आत शिरताच उजव्या हाताला बेसिन, वर निळ्या चौकटीचा आरसा. भात मागावा लागत नसे, मालकीण न विचारता वाढायची आणि ताटात काही टाकलं तर रागावायची.'"

वाचता वाचता नचिकेतची मान उजवीकडे वळली. बेसिनवर निळ्या चौकटीचा आरसा होता. त्यात त्याला स्वतःचं तोंड दिसलं, आणि ते बघण्यासारखं झालं होतं.

"सुयोग," काकी म्हणाली. "काटकुळो. कावीळ झाल्ली तेका. दोन म्हयने पथ्याचा जेवाण हयसून गेला. तो इंजिनेर झालो?"

नचिकेतने कपाळाला हात लावला. मग जरा खाली मान घालून म्हणाला, "अजून एक आहे. ती मी गाळली होती. नूरुद्दीन म्हणून आहेत, बाजारात शिवणकाम करतात, मूळचे दाभोळचे. त्यांनी लिहिलं होतं की द्वारकामधला तळलेला पापलेट त्यांना अजून आठवतो. मी म्हटलं, शाकाहारी हॉटेलात पापलेट कुठून येणार? माणूस गोंधळलाय."

"पण शाकाहारी तुला कोणी सांगितलं?" मी विचारलं.

"नावावरून वाटलं. आणि कोपऱ्यावर शोधून सापडलं नाही, तेव्हा बंद झालं असं धरलं."

आता मात्र काकीला हसू आवरेना. ती खोक्याला टेकून हसत सुटली. नूरुद्दीनची बायको झुलेखा बाळंतपणाला माहेरी गेली होती, तेव्हा रमजानात तो रोज संध्याकाळी इथे रोजा सोडायला यायचा, मासे स्वतः बाजारातून आणायचा आणि काकी तळायची, हे तिने हसताहसता सांगितलं. नचिकेत एकेक नाव वाचत गेला आणि ती एकेकाला ओळखत गेली. हा तोंडाचा फटकळ, पण भांडी घासून जायचा. याचं लग्न तिनेच जमवलं. हा मेला आमसुलाच्या कढीवर जीव टाकायचा. चिंदरकर आतून बाहेर आले आणि आणखी दोन नावांची भर त्यांनी घातली. शाकाहारी थाळीसुद्धा खरी निघाली. श्रावणात काकीकडे मासे बंद असत, त्या महिन्यात आलेल्या एकाने वर्णन लिहिलं होतं.

"म्हणजे काकू, सगळे इथेच जेवलेत," नचिकेत म्हणाला. "मी हॉटेल खोडतो."

काकी एकदम गंभीर झाली. "त्यांनी लिवला ता खोडू नको हां. त्यांका हॉटेल वाटला तर वाटला. पोटभर जेवलेत ना?"

त्यांच्या आठवणी तशाच ठेवून नोंद तिथल्या तिथे बदलली. 'द्वारका. श्रीमती द्वारका चिंदरकर यांचं घर. इथे माणसं जेवायला उतरत, त्यावरून थांब्याला हे नाव पडलं.' मी शुद्धलेखन तपासलं. एकही चूक नव्हती, याचं मला जरा वाईटच वाटलं. पापलेटही पुस्तकात परत आला.

छापखान्याने कृपा केली आणि पुस्तकं काकीच्या विमानाआधी हातात पडली. प्रकाशन फिंतासच्या एका हॉलमध्ये होतं. मंडळाच्या कार्यक्रमाला काकी पहिल्यांदाच आली. आमच्यासारख्यांचा थय काय काम, असं दोनदा म्हणाली, पण ठेवणीतली हिरवी साडी नेसली होती. मी तिला ओढत नेऊन पुढच्या रांगेत बसवलं. मागे सुयोग बायको-मुलीसकट आला होता. नूरुद्दीन आणि झुलेखा कोपऱ्यात बसले होते.

नचिकेतने माइकवर स्वतःची फजिती पहिल्यापासून सांगितली, आरशासकट. हॉल खो खो हसला. मग तो म्हणाला, "या पुस्तकातलं एक ठिकाण आज आपल्यात बसलेलं आहे." काकीला उभं केलं. टाळ्या थांबेनात. काकी लाजून बसायला लागली, तेवढ्यात तो म्हणाला, "द्वारकामध्ये जे जेवलेत, त्यांनी हात वर करा."

सुयोगचा हात वर गेला, नूरुद्दीनचा गेला. मग मधल्या रांगांतले, मग मागचे. गेल्या वर्षी आलेल्या नव्या जोडप्याने हात वर केला. ज्यांनी फहाहील नकाशात तरी पाहिलं असेल की नाही, अशा बायकांनी केले. सगळा हॉल हात वर करून उभा राहिला.

काकी वळून बघत होती. डोळ्यांतून पाणी गालावर आलं होतं आणि ती ते पुसतही नव्हती. मग माझ्या कानाशी वाकून म्हणाली, "सुचित्रा, ह्येतल्या अर्ध्यांका मी कधी बघूक नाय गो."

"मग सांगू का त्यांना हात खाली करायला?"

"नको," काकी म्हणाली. "जेवलंव म्हणतत ना, मगे जेवले."