उजव्या हाताची नखं

गिटार वाजवायची तर उजव्या हाताची नखं वाढवावी लागतात आणि डाव्या हाताची मुळापासून कापावी लागतात. आमच्या गिरगावातल्या चाळीत हे कुणाला पटवणं म्हणजे पालथ्या घड्यावर पाणी. "जेवायच्या हाताला नखं? भाताबरोबर मळ जायचा पोटात," आई म्हणायची. मी नखं साबणाने घासून तिच्यापुढे धरायची. ती बघायचीसुद्धा नाही.

खोताच्या वाडीतले एक म्हातारे ख्रिस्ती मास्तर मला शिकवत. तार नुसत्या बोटाने छेडली की आवाज मऊ येतो, नखाने छेडली की लख्ख येतो, हे त्यांनी माझ्याकडून वर्षभर घोटून घेतलं. मग म्हणाले, "आता स्वतःचं काहीतरी रच." संयुक्त महाराष्ट्राचे दिवस होते. चौकाचौकात सभा आणि शाहिरांचे डफ. तारा जिथे बांधलेल्या असतात तिथे अंगठ्याची कड आपटून मी डफाचा ठेका काढला. मध्ये एक अगदी हळू तुकडा ठेवला, नखांनी वाजवायचा. सभा संपते, माणसं पांगतात आणि चौक एकटा उरतो, त्या वेळेचा. त्या तुकड्यावर माझा जीव होता. तो बसवण्यात अख्खा हिवाळा गेला.

तेवढ्यात मला बघायला येणार असं ठरलं. त्या दिवशी सकाळी आईने मला खिडकीपाशी बसवलं आणि बाबांच्या दाढीच्या ब्लेडने माझी नखं कापून टाकली. "एक हात असा नि एक तसा बघून काय म्हणतील ती माणसं?" मला इतका राग आला होता की रडूही धड येईना.

पोहे झाल्यावर मुलाच्या काकांनी विचारलं, "गाणंबिणं येतं का काही?" मी गिटार घेतली. ठेक्याला नखं लागत नाहीत, तो दणक्यात झाला. इतका, की बाहेर गॅलरीतून कुणीतरी ओरडलं, "झालाच पाहिजे!" सरकारी नोकरीतल्या काकांचा चेहरा बघण्यासारखा झाला. एरवी मी पोट धरून हसले असते. पण पुढचा हळू तुकडा बोथट बोटांतून निघेचना. गॅलरीतल्या हसण्याबोलण्यात तो विरून गेला. मी कसंबसं संपवलं. "कळवतो," म्हणत मंडळी उठली. काय कळवणार ते सगळ्यांना कळलं होतं.

आई बशा गोळा करायला लागली. आता ही माझ्या नावाने शंख करणार म्हणून मी तोंड शिवून बसले. माझं वाजवणं ती कधी ऐकते असं मला वाटलंच नव्हतं. मी वाजवायला बसले की ती आत भांडी आपटायची.

बशा हातात तशाच धरून ती म्हणाली, "ते मधलं, हळू वाजवतेस ते... आज ऐकूच आलं नाही."

मी गिटार भिंतीला टेकवून ठेवली. ती अजून तिथेच उभी होती.

"नखं परत यायला किती दिवस लागतात गं?"