पिकअपचं औषधपाणी

मी विज्ञानाचा मास्तर आहे, हे आधीच सांगून टाकतो. पुढं सांगायची लाज वाटेल.

राजूरजवळच्या गावात मी शाळेवर होतो. नव्वदच्या पुढचीच सालं असतील, एका उन्हाळ्यात मला जुनी डिझेल पिकअप घ्यायची बुद्धी झाली. शेतातला माल जालन्याला न्यायला होईल, हे घरी सांगितलेलं कारण. खरं कारण वेगळं होतं. सासुरवाडीला एसटीनं जाणारा जावई अन् स्वतःच्या गाडीनं जाणारा जावई, यांच्या चहातल्या साखरेत फरक असतो! आमच्या रस्त्याला तेव्हा डांबर कमी अन् फुफाटा जास्त. म्हणून पहिल्याच दिवशी मी बॉनेट उघडून धुळीपासून इंजिनाचा जातीनं बंदोबस्त केला, अन् मग नारळ फोडला.

आठ दिवसांत गाडी काळा धूर ओकायला लागली. चढाला तर असा दम टाकायची की मागून येणारी बैलगाडी घंटी वाजवून पुढं जायची.

त्यातच माझा धाकटा मेहुणा दिलीप याचं लग्न ठरलं. नवरी जुन्या जालन्याची. मामा, म्हणजे माझे सासरे, गाडीला एक चक्कर मारून हळूच म्हणाले, "जावईबापू, नवरदेवासाठी भाड्याची जीप सांगून टाकू का? तुमच्या गाडीचं काही खरं दिसून न्हाई राह्यलं."

"मामा! घरात गाडीवाला जावई असताना भाड्याची जीप? नवरदेव माझ्याच गाडीत मांडवाच्या दारात उतरंल. धुराचं माझ्याकडं लागलं!"

झालं! जीभ एकदा घसरली की तिला रिव्हर्स गिअर नसतो.

घरी बैठक बसली. आमच्या आबांचं, म्हणजे वडलांचं म्हणणं, "गाडी वाळलीय. तिला खुराक पाह्यजे." दिलीप म्हणाला, "दाजी, डिझेलमधी टाकायचं औषध मिळतं. बाटलीत." माझी बायको शोभा भाकरी थापता थापता म्हणाली, "आवो, माझा स्टोव्ह काळा धूर करायला लागला की मी त्यात औषध न्हाई वतत. पंपानं हवा मारते."

"शोभे, इंजिन म्हंजे स्टोव्ह न्हाई. तिथं शास्त्र लागतं!"

(हे वाक्य मी विसरलो होतो. तिनं अजून जपून ठेवलंय!)

दुसऱ्या दिवशी मी नवीन जालन्यात एका स्पेअर पार्टच्या दुकानात गेलो. फळीवर लाल, निळ्या, पिवळ्या बाटल्यांची रांग. कोणी म्हणे इंजिन साफ करतं, कोणी म्हणे ताकद देतं, एक तर दोन्ही करून वर ॲव्हरेज वाढवत होती.

"काळ्या धुराला कोणती चांगली?" मी विचारलं.

"कोणतीबी न्या गुरुजी. आजवर एक गिऱ्हाईक परत आलं न्हाई."

"म्हंजे बराबर गुण येतो?"

"ते न्हाई माहीत. परत आलं न्हाई, येवढं माहीत."

मग मी शास्त्रीय पद्धतीनं निवड केली. जिच्यावर सगळ्यात बारीक अक्षरात सगळ्यात जास्त मजकूर होता, ती निळी घेतली. एका टाकीला एक झाकण, असं तिच्यावर लिहिलं होतं. पण आजार जुना म्हणून मी अर्धी बाटली ओतली. धूर तेवढाच राहिला. लग्नाच्या आदल्या दिवशी उरलेली अर्धीही ओतली, अन् गाडीला हात जोडले.

लग्नाच्या दिवशी राजूर ते जालना कसेबसे पोचलो. वऱ्हाड ट्रकनं पुढं आलंच होतं. जुन्या जालन्यात शिरताना पिकअपच्या हौद्यात खुर्ची मांडून दिलीपला बसवलं. पांढरा सफारी, बाशिंग, हातात कट्यार. पुढं बँड, मागं नटलेल्या करवल्या, अन् स्टेअरिंगवर मी! भुसाराच्या दुकानांतून लोक बघून राह्यले होते. छाती अशी फुगली होती की हॉर्न कोपरानं वाजवत होतो.

गल्ली अरुंद, गाडी पहिल्या गिअरात, अन् वारा पडलेला. दहा मिनिटांत करवल्यांचे चेहरे ओळखू येईनात. दिलीपचा सफारी आधी राखाडी झाला, मग कोळशाच्या वखारीवरचा वाटायला लागला. तेवढ्यात सगळ्या गल्लीत घमघमाट सुटला. भज्यांचा! गरम तेलात घाणा सोडल्यावर येतो तसा. बँडवाल्यांचं लक्ष उडालं, सनईवाला दोनदा चुकला.

समोरून नवरीचे चुलते तणतणत आले. "पाव्हणं, हे काय लावलंय? आमच्या मांडवात सातशे पानाचा स्वयंपाक तयार आहे अन् तुम्ही रस्त्यातच भजी तळून राह्यले? आमच्या जेवणावर भरवसा न्हाई का?"

"कोण तळून राह्यलं?" मामा चक्रावले.

"मंग वास कशाचा येतो? काढा ती कढई!"

दोघा जणांनी हौद्यात चढून नवरदेवाला खुर्चीसकट उचललं अन् खाली कढई शोधली! कढई काही निघाली नाही. मग एकानं नाक पुढं करून वासाचा माग काढला, तो थेट सायलेन्सरला पोचला.

तेव्हा आबा घसा खाकरून म्हणाले, "सकाळी दोन लिटर करडीचं तेल पाजलं म्या तिला. नांगरटीच्या आधी बैलाला बांबूच्या नळ्यानं पाजतो तसंच. लांबचा पल्ला होता ना."

"आबा!"

वरून नवरदेव हळूच बोलला, "दाजी, लाल बाटली मी वतल्ती. परवा. तुम्हाला वाईट वाटंल म्हणून सांगितलं न्हाई."

एवढं ऐकल्यावर गाडीनं एक उचकी दिली अन् ती बंद पडली. मुहूर्ताला वीस मिनिटं! मामांचा चेहरा उतरला. मुलाचा बाप असून नवरदेव पायी नेला, हे त्यांना जन्मभर ऐकावं लागलं असतं. अन् ते कोणामुळं, हे मला! त्यांनी माझ्याकडं नुसतं पाहिलं. खरं सांगतो, शिव्या दिल्या असत्या तर बरं वाटलं असतं.

गल्लीतच एक मिस्त्री राहत होते. ते लुंगीवरच आले. आधी वास घेऊन म्हणाले, "भजी कोण खाऊन राह्यलं?" मग विचारलं, "काय काय पाजलं हिला?" आम्ही तिघांनी आपापला गुन्हा सांगितला. ते बॉनेट उघडून आत वाकले. आपणही काही करतोय हे दिसावं म्हणून मी मागं जाऊन सायलेन्सरात डोकावून शास्त्रीय निरीक्षण करत बसलो.

"अरे, हे काय कोंबलंय?" मिस्त्री ओरडले. एअर फिल्टरच्या डब्याच्या तोंडातून त्यांनी काहीतरी ओढून काढलं. चार घड्या घातलेला, हिरव्या काठाचा टॉवेल.

मामांनी तो लगेच ओळखला. "जावईबापू, हा तर तुमच्या दिवाळसणाला मी दिलेला टॉवेल!"

"धूळ आत जाऊ नये म्हणून..." मी तिथूनच म्हणालो.

"धूळ न्हाई गेली साहेब," मिस्त्री म्हणाले, "हवाबी न्हाई गेली. हवाच न्हाई मिळाली तर डिझेल जळंल कसं? करता काय तुम्ही?"

"विज्ञान शिकवतेत," काजळलेल्या करवल्यांतून शोभाचा आवाज आला. "तिथं शास्त्र लागतं!"

दरसाली जून महिन्यात मी पेटत्या मेणबत्तीवर ग्लास उपडा घालतो अन् सगळ्या वर्गाकडून घोकून घेतो, हवा बंद, ज्योत बंद. तो धडा मला त्या क्षणी शब्दन् शब्द आठवला. तेवढ्यात मिस्त्रींनी डिझेलच्या नळीत अडकलेली हवा काढून स्टार्टर मारला. गाडी अशी गरजली म्हणता! सायलेन्सरात साचलेली महिन्याभराची काजळी एका दमात बाहेर पडली, अन् मी अजून निरीक्षणच करत होतो.

लग्न मुहूर्तावर लागलं. जेवणं झाल्यावर मामा माइकवरून एकेकाला आहेराला बोलवायला लागले. पहिला मान मिस्त्रींचा. टॉवेल, टोपी, नारळ. मग व्याही, मग चुलते. सगळ्यांना टॉवेल-टोपी. शेवटी माझं नाव आलं. मामांनी नारळ दिला, टोपी घातली, खांद्यावर हात ठेवला अन् पुढचं नाव पुकारलं.

मी शोभाजवळ येऊन पुटपुटलो, "टॉवेल विसरले वाटतं."

"विसरले न्हाईत. म्हणले, जावयाला दिला की गाडीच्या नाकात जातो."

मी चेहऱ्यावरून हात फिरवला अन् काळाकुट्ट तळवा बघत बसलो. अख्ख्या मांडवात त्या दिवशी टॉवेलची खरी गरज एकट्या मलाच होती.