बुर्गीला सांगितलेलं वय

आमच्या टिरोलच्या खोऱ्यात लोकांची पापं पाद्रीबाबाला ठाऊक असतात, पण खरं वजन एकट्या बुर्गीला. स्कीच्या दुकानामागच्या खोलीत ती पस्तीस वर्षं बाइंडिंगं बसवते आहे. बाइंडिंग म्हणजे बूट स्कीला जखडून ठेवणारी पकड. माणूस पडला आणि तिनं बूट वेळेत सोडला, तर तो बर्फ झटकून उठतो. नाही सोडला, तर गुडघा गेलाच. किती जोराला सोडायचं तो आकडा बुर्गी वजन, उंची, वय आणि बुटाच्या तळाची लांबी विचारून ठरवते. विचारते, पण विश्वास कशावरच ठेवत नाही. वजनासाठी तिनं दारातल्या पायपुसण्याखाली काटा दडवलाय. वयाची तर वेगळीच गंमत. पन्नाशी ओलांडली की तक्त्यात एक पायरी खाली यावं लागतं, आणि आमच्या पट्टीच्या स्कीवाल्यांना ते भर चौकात मिशी उतरवल्यासारखं वाटतं. त्यामुळे गावात पन्नाशीपुढचा स्कीवाला औषधालाही सापडत नाही. क्विरिन तर पंधरा वर्षं एकोणपन्नासातच मुक्काम ठोकून आहे.

हा क्विरिन स्की शिकवतो. शाळेत बुर्गीच्याच वर्गात होता. डावा गुडघा दोनदा शिवलेला. गुरुवारी सकाळी तो स्की खांद्यावर आणि बूट हातात घेऊन आला, तो पायपुसण्यावरून लांब ढांग टाकून. बुर्गीचे डोळे तिथंच बारीक झाले.

"जुनी काढून शर्यतवाल्यांची बाइंडिंगं बसव यांच्यावर. कडक. आकडा बारा."

"कुणासाठी?"

"पाहुणा आहे. हॅम्बुर्गचा. अडतीस वर्षांचा, एकदम तयारीचा."

"असं?" बुर्गीनं बुटात हात घालून चाचपलं. "आणि या हॅम्बुर्गवाल्याच्या घोट्यालाही तुझ्यासारखंच टेंगूळ आहे वाटतं? हा खळगा मीच पाडलाय रे, बूट तापवून."

क्विरिनचे कान लाल झाले. मग तो उसळलाच. "हो, माझेच आहेत! शनिवारी काय झालं ते ऐकलंस ना?"

कुणी ऐकलं नव्हतं? लहान मुलं शिकतात त्या उतारावर, अख्ख्या वर्गासमोर, क्विरिनची डावी स्की आपणहून सुटली आणि खाली दरीकडे निघून गेली. मास्तर बुडावर. एका चिमुरडीनं विचारलंही, "हे पण शिकायचंय का आम्हाला?" आणि आता रविवारी जुन्या शिक्षकांची रांग डोंगरावरून उतरणार होती. क्विरिन दरवर्षी सगळ्यांत पुढं असतो. तिथं स्की सुटली, तर पुढचा मान जन्माचा गेला.

"तूच सैल ठेवतेस," तो म्हणाला. "मी दहा सांगतो, तू गुपचूप आठ लावतेस. तुझ्या बहिणीशी लग्न केलं नाही ना, त्याचा सूड!"

"त्याबद्दल ती अजून मेणबत्त्या लावते चर्चमध्ये. आणि हो, आठच लावते. तू माझ्यापेक्षा तीन आठवड्यांनी मोठा आहेस, मला खुळी समजतोस?"

तिनं स्की तपासणीच्या यंत्रावर चढवली. काटा अकरावर जाऊन थांबला.

"आठाचे अकरा कुणी केले?"

क्विरिन छताकडे बघू लागला. आमच्या पट्टीच्या लोकांची ही जुनीच खोड. बाइंडिंग नको तेव्हा सुटलं, की खिशातला स्क्रूड्रायव्हर काढून आवळायचं. परत सुटलं, परत आवळायचं. का सुटलं ते मात्र कुणी बघत नाही.

पण आता बुर्गीचा संशय माणसावरून वस्तूवर सरकला. अकरावर असून मुलांच्या उतारावर सुटतं कसं? तिनं बूट बाइंडिंगमध्ये बसवला आणि पुढच्या तळाखाली कागदाची पट्टी सरकवून ओढली. पट्टी जरा अडत यायला हवी. ही लोण्यातून सुरी यावी तशी आली. तिनं बूट उलटा केला. टोकाचा तळ जुन्या चपलेसारखा झिजलेला.

"हेच बूट घालून खानावळीत जातोस ना? डांबरी रस्त्यानं?"

"दोनशे पावलं तर आहेत."

"आणि परत येताना?"

"येताना... जरा वाढतात."

"वर टेबलावर नाचतोस तेही यातच. अरे, तळ झिजला म्हणून बूट आत डुगडुगतो. बारा लावलेस तरी नको तेव्हा सुटेल, आणि हवं तेव्हा सुटणार नाही. मग घे गुडघा तिसऱ्यांदा शिवून."

"तुला बूट खपवायचेत," क्विरिन पुटपुटला. संशय काय एकट्या बुर्गीचीच मिरास नव्हती.

"गप बस. नुसते तळाचे तुकडे बदलतात."

तिनं ते बदलले. पट्टी आता कुरकुरत बाहेर आली. आकडा आठ. मग तिनं नखांना लावायचा लाल रंग काढला आणि दोन्ही स्कींच्या चारही स्क्रूंवर एकेक ठिपका दिला. "फिरवलास तर तडकेल. मला कळेल."

"चोरासारखं वागवतेस, बाई."

"चोर बरे, त्यांना सुट्टी तरी असते."

रविवारी क्विरिन पुढं होता. वरच्या निसरड्या वळणावरूनही तो दोन्ही स्कींसकट झोकात खाली आला. टाळ्या पडल्या. तेवढ्यात बुर्गी गर्दीतून घुसली आणि त्याच्यासमोर चक्क बर्फात गुडघे टेकून बसली. गावानं आ वासला. पाववाल्याच्या बायकोनं तर नवऱ्याला कोपरखळीच मारली, "बघ, या वयात मागणी घालतेय!"

बुर्गी स्क्रू बघत होती. चारही ठिपके शाबूत.

"पटलं?" क्विरिन छाती काढून म्हणाला. "हातसुद्धा लावला नाही, देवाशपथ."

बुर्गीनं वाकून ठिपके पुन्हा निरखले, एकावर नख घासून पाहिलं आणि वर मान करून विचारलं, "हाच रंग तुला कुठल्या दुकानात मिळाला रे?"