गाडीच्या लाकडाचा चौरंग

सकाळी दाढी करत होतो तेव्हा हिरामणचा फोन आला. हिरामण आमचा चुलतभाऊ, रनाळ्याला आमच्या घराच्या पलीकडेच राहतो, आणि तो मला सहसा फोन करत नाही. "बापू, निंघी ये. नाना गया..." एवढंच बोलला. अर्ध्या गालावर साबण तसाच घेऊन मी नंदुरबारच्या खोलीत उभा. बायकोनं टॉवेल दिला तेव्हा कळलं, की मी रडतोय. नाना माझ्यापेक्षा नऊ वर्षांनी मोठा भाऊ. आदल्या संध्याकाळी शेतात जाऊन आला, चहा प्याला, छातीत दुखतंय म्हणाला आणि पहाटेपर्यंत सगळं आटोपलं.

वाटेत एकच गोष्ट मनात घोळत होती. नाना गेल्याचं मला कळवणारा माणूस हिरामण असावा, हे तीन-चार वर्षांपूर्वी कुणाला खरं वाटलं नसतं. ते घडलं एका गिफ्ट कार्डामुळे. त्या कार्डाच्या कामी माझाही हातभार लागला आहे, पण तो असा लागला, की मी सांगू नये आणि घरच्यांनी तो विसरू नये.

नाना आयुष्यभर जिनिंगमध्ये कापूस तोलायला होता. निवृत्त झाला तेव्हा सुरतच्या जावईबापूंनी तिथल्या एका मोठ्या हार्डवेअरच्या दुकानाचं गिफ्ट कार्ड पाठवलं. घराचे नळ बदला, दाराला चांगली कडी घ्या, असा त्यांचा हेतू. वहिनींच्या मनात न्हाणीघराच्या फरशा होत्या. मी शॉवर सुचवला, कारण मला शॉवर आवडतो. नाना सगळ्यांचं ऐकून घेऊन म्हणाला, "मी रंधा लेसू. करवत, पटाश्या, गुण्या, बठ्ठं सुतारनं सामान लेसू."

"कसाले?" वहिनी म्हणाल्या. "जनमभर साधा पाट नही ठोका तुम्ही."

"चौरंग बनाडसू. कानबाईले."

खानदेशाबाहेरच्यांसाठी सांगतो. श्रावणात आमच्याकडे कानबाई बसते. रविवारी तिला चौरंगावर मांडायचं, गव्हाचे रोट करायचे, ते भाऊबंदांनी मिळून संपवायचे आणि सोमवारी बायकांनी चौरंग डोक्यावर घेऊन देवीला वाजतगाजत पोचवायचं. रोट बाहेरच्याला देत नाहीत. म्हणून ज्याच्याशी बोलणं तुटलं, त्याच्याशी रोटही तुटतो. बांधावरचा एक निंब कुणी तोडला यावरून नाना आणि हिरामण यांचं बोलणं तुटलं होतं. आजोबांच्या वेळचा चौरंग हिरामणकडे राहिला. आमची कानबाई प्लास्टिकच्या स्टुलावर बसायची आणि रोट उरायचे. नानाला ते दर वर्षी लागायचं. एकदा मी म्हटलं, "बलाई ले ना त्याले." तर म्हणाला, "आते बलावं ते त्याले वाटी, चौरंग मांगाले उना. मन्हा हातना चौरंग व्हऊ दे. मंग मी ताठ मानेनं बलावसू."

तर कार्ड खर्च करायला सुरतला आम्ही तिघं निघालो. नाना, वहिनी आणि मी. मला नेण्याचं कारण असं, की मी कचेरीत काम करतो, तेव्हा कार्डं-बिर्डं मला समजतात असा घरात समज आहे. तो मी कधी दूर केलेला नाही.

दुकान एवढं मोठं, की नाना दारातच चप्पल काढायला लागला. रंध्यांच्या फळीपाशी तो तासभर रमला. प्रत्येक रंध्याचं पातं अंगठ्यानं पाहायचा, लाकडी मूठ हातात बसते का ते बघायचा. शिकाऊ माणसाला एवढी पारख लागत नाही, असं मी हळूच म्हटलं. "तू शॉवर देख," म्हणाला. रंधा, तीन पटाश्या, करवत, गुण्या, हातोडी, धार लावायचा दगड... सगळं घेऊन आम्ही गल्ल्यावर गेलो आणि वहिनींनी पदराची गाठ सोडून कार्ड पुढे केलं.

गल्ल्यावरच्या मुलीनं ते दोन बोटांत धरलं. "काका, आ शुं छे?"

कार्डावर चांदीसारखी पट्टी खरवडून नंबर काढायचा होता. ती पट्टी आणि तिच्याखालचे आकडे ओल्या हळदीकुंकवाखाली पूर्ण गडप झाले होते. वरून एक अक्षतही चिकटलेली.

"कोनी लावं कुंकू?" नाना कडाडला.

"मी लावं. नवी वस्तू शे, देवले दखाडनी पडस," वहिनी शांतपणे म्हणाल्या. "बापूभाऊले इचारं व्हतं मी. त्या म्हने, काही व्हस नही."

खरं होतं. मी म्हणालो होतो. आता इज्जत वाचवायची म्हणून रुमाल ओला करून मी ते पुसायला घेतलं. तर चांदीची पट्टी, आकडे आणि कुंकू असं सगळं एकजीव होऊन कार्ड छान गुलाबी झालं. नानानं माझ्याकडे पाहिलं आणि इतका हसला, की दुकानातले लोक वळून बघायला लागले. शेवटी जावईबापूंना फोन लावला. नंबर त्यांच्या मोबाइलवर होता. येताना गाडीत अवजारांची पिशवी नानाच्या मांडीवर आणि ते कार्ड माझ्या खिशात. वहिनी म्हणाल्या, "देवले दखाडं, म्हनीसन व्हयनं ना काम?"

पुढचे काही महिने ओसरीत भुसा. नानानं लाकूड विकत आणलं नाही. खळ्यात आजोबांची मोडकी बैलगाडी पडली होती, तिचं बाभळीचं लाकूड घेतलं. सुतार म्हणाला, सागाचं घ्या, हलकं पडेल. पण जिनिंगमधला माणूस. त्याच्या लेखी वजन कमी म्हणजे माल कमी. बोटं कापून घेतली, दोन पाय वाया घालवले, पण श्रावणापर्यंत चौरंग उभा केला. सुरेख होता. सरळ, घोटीव आणि चारी पायांवर ठाम. नाना त्यावर स्वतः उभा राहिला, मला उभं केलं. हिरामणकडे आमंत्रणही स्वतः जाऊन दिलं. हिरामण ओट्यावरूनच "देखसू" म्हणाला आणि रविवारी आला नाही. रोट उरले. नाना नुसता चौरंगावरून हात फिरवत राहिला.

सोमवारी सकाळी वाजंत्री लागली, आरती झाली, वहिनींनी पदर खोचला आणि चौरंगाला हात घातला. चौरंग हलला नाही. सुनबाई आल्या, शेजारणी आल्या. कसाबसा दाराबाहेर आणला आणि गल्लीत सगळ्या जणी धापा टाकत बसल्या. आम्ही सगळं तपासलं होतं, फक्त तो डोक्यावर घ्यायचा असतो हे कुणाच्या लक्षात आलं नव्हतं. माझ्याही नाही. आमची गल्ली चिंचोळी. मागून हिरामणकडची कानबाई निघाली, ती आमच्या मागे अडकली. दोन वाजंत्र्या एकीमागे एक आणि पुढं कुणी सरकेना.

हिरामण गर्दी सारत पुढे आला. वाकून हातानं चौरंग चाचपला.

"नाना, हाऊ चौरंग शे का बैलगाडी?"

"गाडीच शे," नाना म्हणाला. "तुन्हा बाप हाके ना, तीच."

हिरामणनं खांद्यावरचा गमछा गुंडाळून डोक्यावर ठेवला. "सरका बायासहोन. बापू, नुसता काय देखस? धर तिकडनं." एका पायाला तो, एका पायाला नाना, मागे मी आणि त्याचा मोठा मुलगा. कानबाई अशी चार पुरुषांनी नेलेली गावानं पहिल्यांदाच पाहिली. बायका गाणी म्हणत होत्या आणि हसतही होत्या. संध्याकाळी हिरामण आमच्या ओसरीत बसून उरलेले रोट खात होता. निंबाचा विषय कुणी काढला नाही. त्यानंतर दोन्ही घरांची कानबाई एकाच चौरंगावर बसायला लागली.

नानाचं तेरावं झालं त्या दिवशी पाहुणे गेल्यावर मी ओसरीत गेलो. रंधा फळीवर होता, पात्याला तेल लावून ठेवलेला. चौघांतला एक गेला, वहिनी आता थकल्यात, पुढल्या श्रावणात चौरंग कोण नेणार, असं मनात आलं. चारी बाजूंनी थोडं तासलं तर उचलता येईल एवढा होईल. मी रंधा घेतला, चौरंगावर टेकवला. बहुधा उलटा धरला असावा.

"काय करी ऱ्हायना?" हिरामण दारात होता.

"हलका करस जरासा."

त्यानं पुढे येऊन माझ्या हातातून रंधा काढून घेतला. पातं आतल्या बाजूला करून फळीवर परत ठेवला, जसा नाना ठेवायचा तसा.

"हलका करशी, मंग माले कोन बलावी?"

चौरंग ओसरीच्या मधोमध आहे. येणारा-जाणारा त्याला वळसा घालून जातो. वहिनींना झाडू मारायचा असला, की त्या पलीकडच्या घराकडे तोंड करून हिरामणला हाक मारतात.